ज्याच्या हाती हवा

१२ नोव्हेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या वॉलप्स तळावरून एक अंटारेस रॉकेट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघालं. त्याच्या मालवाहू यानात स्थानकासाठीच्या सामानाबरोबर एक छोटा उपग्रह होता. लांबी २० सेंटिमीटर, रुंदी आणि उंची १० सेंटिमीटर, वजन २.८ किलो. नाव ‘आस्गार्डिया-१’. जगभरातल्या हजारो माणसांनी पाठवलेले फोटो, पत्रं, घरगुती कागदपत्रं त्याच्या मेमरीत साठवलेली होती. या माणसांच्या लेखी तो उपग्रह म्हणजे त्यांच्या नव्या देशाची पहिली भूमी होती.

‘आस्गार्डिया’ नावाचा हा देश त्याआधी तेरा महिने जाहीर झाला होता. १२ ऑक्टोबर २०१६ रोजी पॅरिसमध्ये इगोर अशुरबेयली यांनी पत्रकारांसमोर त्याची घोषणा केली. अशुरबेयली बाकूत जन्मलेले, रशियाच्या संरक्षण उद्योगात मोठे झालेले अभियंते आणि उद्योजक. पृथ्वीवरच्या कोणत्याही सरकारच्या अधीन नसलेलं, शांततेसाठी झटणारं, अवकाशातलं पहिलं राष्ट्र उभारायचं आणि अवकाशात पहिलं मूल जन्माला यावं इथपर्यंत मजल मारायची, असा त्यांचा संकल्प. नागरिकत्वासाठी अर्ज मागवले गेले तेव्हा दोन दिवसांच्या आत लाखाहून अधिक लोकांनी ते भरले. पुढच्या वर्षी राज्यघटनेवर मतदान झालं. २५ जून २०१८ रोजी व्हिएन्नाच्या हॉफबर्ग राजवाड्यात राष्ट्रप्रमुख म्हणून अशुरबेयलींचा शपथविधी झाला. १५० सदस्यांची संसद ठरली, तिच्या जागा १३ भाषांच्या गटांत वाटल्या गेल्या. संसदेच्या अध्यक्षपदी लेम्बित ओपिक आले. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये खासदार असताना पृथ्वीवर लघुग्रह आदळण्याच्या धोक्याकडे सरकारचं लक्ष वेधत राहिलेले हे गृहस्थ. त्यांचे आजोबा अर्न्स्ट ओपिक नामवंत खगोलशास्त्रज्ञ होते. राष्ट्रध्वज आला, राष्ट्रगीत आलं, २८ दिवसांच्या १३ महिन्यांची दिनदर्शिका आली, ‘सोलर’ नावाच्या चलनाची योजना आली. पुढे रहिवासी म्हणवून घेण्यासाठी वर्षाला १०० युरो शुल्कही आलं.

एवढं वाचून हसू येणं साहजिक आहे. पण हजारो माणसं आपला वेळ देऊन एखादी घटना वाचतात, तिच्यावर मत देतात, कुठल्या भाषेला किती जागा मिळाव्यात यावर वाद घालतात, तेव्हा त्यामागे एक खरी भूक असते. आपण ज्या देशात जन्मलो त्याचे नियम आपल्याला विचारून झालेले नव्हते. नव्या जागी तरी आरंभापासून आपलं म्हणणं असावं, ही ती भूक. आस्गार्डियाचं पुढे काय होईल ते होवो. तिने विचारलेले प्रश्न टिकणारे आहेत, आणि या विषयात शिरणाऱ्या वाचकाने ते गंभीरपणेच घ्यायला हवेत.

त्यातला पहिला प्रश्न आहे कायद्याचा, आणि तो सर्वांत कडक आहे. राष्ट्र कशाला म्हणायचं याची सर्वाधिक वापरली जाणारी कसोटी १९३३ च्या मोंतेविदेओ करारातली : कायम लोकसंख्या, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. अवकाशात यातली दुसरी अट अडते. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या दुसऱ्या कलमानुसार अवकाश, चंद्र किंवा कोणताही ग्रह यांच्यावर कुठल्याही राष्ट्राला कोणत्याही मार्गाने मालकी सांगता येत नाही. सहावं कलम आणखी पुढे जातं. खासगी संस्थांनी अवकाशात जे काही करायचं त्याला त्यांच्या सरकारची परवानगी लागते आणि त्यावर सरकारची सतत देखरेख असावी लागते. आठवं कलम म्हणतं, अवकाशात सोडलेली वस्तू ज्या देशाच्या नोंदवहीत असेल, त्या वस्तूवर आणि तिच्यातल्या माणसांवर त्याच देशाचा अधिकार. म्हणजे अमेरिकी भूमीवरून, अमेरिकी परवान्याने गेलेली ती २.८ किलोची भूमी कायद्याच्या नजरेत अमेरिकेच्या अखत्यारीत होती. २०२२ मध्ये कक्षा खालावत जाऊन तो उपग्रह वातावरणात जळून गेला, तोपर्यंत ही स्थिती बदलली नाही.

करार करणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. १९६७ साली शीतयुद्ध ऐन भरात होतं. आशिया आणि आफ्रिकेतले कितीतरी देश नुकतेच वसाहतवादातून सुटले होते. कुणी झेंडा रोवला म्हणून जमीन त्याची होते, या रीतीने काय घडवलं हे त्यांनी सोसलेलं होतं. चंद्रावर तेच पुन्हा घडू नये म्हणून दुसरं कलम आलं. त्या कलमाने एका धनाढ्य देशाची वाट अडवली, तशीच सामान्य नागरिकांच्या स्वप्नाचीही अडवली. चंद्रावरचे भूखंड विकणाऱ्या कंपन्यांची प्रमाणपत्रं आपल्याकडेही वाढदिवसाला भेट दिली जातात. त्या कागदांना कायद्यात किंमत नाही, ती याच कलमामुळे.

या कराराच्या १८ वर्षं आधी, स्पुटनिकलाही जेव्हा आठ वर्षं अवकाश होता, तेव्हा शिकागोजवळच्या एव्हरग्रीन पार्कमधल्या जेम्स मँगन नावाच्या माणसाने अख्ख्या अवकाशावर दावा सांगितला होता. १९४९ च्या पहिल्या दिवशी त्याने ‘सेलेस्टिया’ नावाचं राष्ट्र स्थापन केलं आणि कुक काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात त्याची रीतसर नोंद केली. संयुक्त राष्ट्रसंघाकडे सदस्यत्व मागितलं. पुढे रशिया आणि अमेरिकेची यानं जाऊ लागली तेव्हा आपल्या हद्दीत परवानगीशिवाय शिरल्याबद्दल दोघांनाही निषेधपत्रं पाठवली. नाणी पाडली, तिकिटं छापली. कुठलीही एक सत्ता आकाश बळकावू नये म्हणून आपण ते आधीच ताब्यात घेत आहोत, असा त्याचा युक्तिवाद होता. मँगनच्या प्रयत्नात चर्चा नव्हती. एकट्या माणसाने सर्वांच्या वतीने केलेला तो दावा होता. पण अवकाश कोणाचं, हा प्रश्न सरकारांच्या आधी एका सामान्य नागरिकाला पडला, ही नोंद महत्त्वाची आहे.

नागरिकांचा पहिला मोठा, संघटित आवाज उमटला १९७० च्या दशकात. प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये ‘फिजिक्स टुडे’त अवकाशातल्या वसाहतींवर लेख लिहिला. ग्रहांवर उतरण्याची गरज नाही. पृथ्वी आणि चंद्र यांच्या गुरुत्वाकर्षणाचा तोल सांभाळणाऱ्या बिंदूंपाशी फिरत्या दंडगोलांत शहरं वसवता येतील, असं त्यांचं गणित सांगत होतं. पुढच्याच वर्षी नासाच्या एम्स केंद्रात उन्हाळाभर चाललेल्या अभ्यासातून १०,००० माणसांच्या वर्तुळाकार वस्तीचा आराखडा निघाला. मिनिटाला एक फेरी घेणारं, जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचं ते चाक आजही चित्रांत दिसतं. ओनीलच्या कल्पनेने भारावलेल्या लोकांनी १९७५ मध्ये ‘एल-५ सोसायटी’ काढली. एल-५ हे त्या बिंदूंपैकी पाचव्याचं नाव. एक दिवस त्या पाचव्या बिंदूवरच सभा भरवायची आणि तिथे ही संस्था विसर्जित करायची, असं त्यांचं ध्येय होतं.

ती सभा कधी भरली नाही. पण या संघटनेने पृथ्वीवरचा एक मोठा निर्णय फिरवायला हातभार लावला. १९७९ च्या चंद्र कराराने चंद्रावरची साधनसंपत्ती ही मानवजातीचा सामायिक वारसा ठरवली, आणि तिचा वापर आंतरराष्ट्रीय व्यवस्थेखाली व्हावा असं म्हटलं. एल-५ च्या सदस्यांना यात स्वतंत्र वसाहतींचा गळा आवळला जाताना दिसला. त्यांनी वॉशिंग्टनमध्ये सिनेटरांच्या भेटी घेतल्या, पत्रं पाठवली, वकील नेमला. अमेरिकेने त्या कराराला मान्यता दिली नाही. भारताने १९८२ मध्ये सही केली, पण पुढचं अनुमोदन आजवर केलेलं नाही. काही हजार उत्साही नागरिकांचा दबाव जागतिक कराराच्या वाटेत कसा येतो, याचं हे उदाहरण आहे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं का, यावर मतभेद राहतील. सामायिक वारशाची कल्पना मोडीत निघाल्याने गरीब देशांचं नुकसान झालं, असं मानणाऱ्यांच्या बाजूलाही वजन आहे.

इथवरचा वाद मालकीचा झाला. जमीन कोणाची, खनिज कोणाचं, झेंडा कोणाचा. या विषयावरचं बहुतेक लिखाण इथेच अडकतं. त्याहून अवघड आणि जास्त जिव्हाळ्याचा प्रश्न वेगळाच आहे. तिथे राहणाऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणता येईल का?

हा प्रश्न सर्वांत नेटाने लावून धरला एडिनबरा विद्यापीठातले खगोलजीवशास्त्रज्ञ चार्ल्स कॉकेल यांनी. या माणसाची राजकारणाची हौस जुनी. १९९२ च्या ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीत हंटिंग्डनमध्ये, थेट पंतप्रधान जॉन मेजर यांच्या विरोधात, ते ‘फॉरवर्ड टू मार्स’ पक्षातर्फे उभे राहिले होते आणि त्यांना ९१ मतं मिळाली होती. २०१३ पासून त्यांनी लंडनमध्ये ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या कार्यालयात बैठका भरवल्या. वैज्ञानिक, अभियंते, तत्त्वज्ञ, वकील, लेखक एका टेबलाभोवती बसले. पृथ्वीबाहेर स्वातंत्र्य म्हणजे काय, तिथलं सरकार कसं असावं, आणि ते जुलमी झालं तर उलथवायचं कसं, अशा क्रमाने एकेका वर्षी एकेक विषय घेतला गेला. त्या चर्चांतून पुस्तकं निघाली.

कॉकेल यांचं म्हणणं थोडक्यात असं. पृथ्वीवर कितीही जुलमी राजवट असली तरी हवा तिच्या ताब्यात नसते. माणूस पळून जाऊ शकतो, जंगलात लपू शकतो, सीमा ओलांडू शकतो. चंद्रावर किंवा मंगळावर प्रत्येक श्वास यंत्रातून येतो. ते यंत्र कोणीतरी चालवतो, कोणाच्या तरी मालकीचं असतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसं ज्याच्या हाती हवा तो राजा. त्याला तुरुंग बांधावा लागत नाही, कारण दाराबाहेर पडणं म्हणजे मृत्यू. आणि हे घडायला कोणी दुष्टच असायला हवा असंही नाही. एका माणसाच्या चुकीने सगळे मरू शकतात, त्यामुळे सुरक्षेच्या नावाखाली प्रत्येकावर पाळत ठेवणं तिथे अगदी सयुक्तिक वाटेल. सभा नको, संप नको, यंत्राजवळ गर्दी नको, हे नियम प्रामाणिक काळजीतूनही येऊ शकतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा युक्तिवाद समजायला मंगळापर्यंत जावं लागत नाही. मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क पूर्ण होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह तळ्यापर्यंत चालत जाऊन ओंजळीने पाणी प्यावं लागलं, त्यासाठी माणसांनी मार खाल्ला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं. पाण्यावर ज्यांचा प्रत्यक्ष ताबा होता त्यांच्यापुढे ठराव दुबळा पडला होता. अवकाशातल्या घटनेत श्वासाचा हक्क लिहिणं सोपं आहे. झडप कोणाच्या हातात आहे, त्या हातावर कोणाची नजर आहे, आणि ती झडप बंद झाल्यावर दाद मागायला किती मिनिटं उरतात, हे लिहिणं कठीण.

कॉकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेले उपाय त्यामुळेच अर्धे राजकीय आणि अर्धे यांत्रिक आहेत. प्राणवायू तयार करणारी एकच मोठी यंत्रणा असण्यापेक्षा अनेक विखुरलेल्या यंत्रणा असाव्यात. त्या चालवायचं ज्ञान जास्तीत जास्त लोकांना असावं. कामगार संघटना आणि मोकळी वृत्तपत्रं पहिल्या दिवसापासून असावीत. पृथ्वीवर परतण्याची सोय ही चैन न मानता हक्क मानावी. घटनाकार आणि नळजोडणी करणारा अभियंता यांना एकाच टेबलावर बसवणारी ही दृष्टी या विषयाला सर्वांत मोठं देणं आहे, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं.

हे सगळं केवळ कल्पनेतलं आहे असं कुणाला वाटलं तर त्याने ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर-२’ची गोष्ट नीट वाचावी. ओरॅकल गावाजवळ सव्वा हेक्टरवर काचेचं एक बंदिस्त जग उभारलं गेलं. त्यात छोटं वर्षावन, छोटा समुद्र, शेती. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ स्त्रीपुरुष आत गेले आणि बरोबर दोन वर्षांनी बाहेर आले. मधल्या काळात आतल्या हवेतला ऑक्सिजन हळूहळू कमी होत गेला. २०.९ टक्क्यांवरून तो साडेचौदा टक्क्यांपर्यंत उतरला. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर मिळावी तेवढी हवा. आतले लोक थकलेले, अर्धपोटी, रात्री झोपेतून दचकून उठणारे. कारण बरंच नंतर उमगलं. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन खात होते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड इमारतीच्या काँक्रीटमध्ये मुरत होता, त्यामुळे झाडांना तो पुन्हा वापरता येत नव्हता. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

हवेइतकीच माणसंही बिघडली. आठ जणांचे चार-चारचे दोन गट पडले. वादाचा मुद्दा शासनाचाच होता. बाहेरचं व्यवस्थापन सांगेल तसं चालायचं की वैज्ञानिक सल्लागारांचं ऐकायचं, बंद दाराची प्रतिज्ञा मोठी की विज्ञान मोठं? एकेकाळचे जिवलग मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. तरीही दोन्ही गटांनी कामं सोडली नाहीत, कारण शेत आणि पंप दोघांचे सारखेच होते. मार्च १९९४ मध्ये दुसरी तुकडी आत गेली आणि १ एप्रिलला बाहेरचं व्यवस्थापन अचानक बदललं गेलं. चारच दिवसांनी पहिल्या तुकडीतल्या दोघांनी पहाटेच्या अंधारात येऊन बाहेरून दारं उघडली. मालक बदलला आहे हे आतल्यांना कळावं आणि थांबायचं की निघायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या कृतीवर टीका झाली, खटलेही झाले. पण ज्यांच्या श्वासाची सूत्रं बाहेरच्या कुणाकडे आहेत, त्यांना सत्ताबदलाची माहिती मिळण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न त्या दोघांनी दार उघडून विचारला. कुठल्याही अवकाश-घटनेला त्याचं उत्तर द्यावंच लागेल.

प्रत्यक्ष अवकाशातही असा ताण एकदा उघड झाला आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर गेलेले जेराल्ड कार, एडवर्ड गिब्सन आणि विल्यम पोग हे तिघेही प्रथमच उडत होते. जमिनीवरच्या नियंत्रकांनी त्यांचा दिवस मिनिटामिनिटाने आखून दिला होता. तिघे मागे पडत गेले, सुट्ट्या कामात जाऊ लागल्या, कुरबुर वाढली. त्यांनी संप करून रेडिओ बंद केला, अशी दंतकथा पुढे पसरली. प्रत्यक्षात तसा संप झाला नव्हता. डिसेंबरच्या अखेरीस दोन्ही बाजूंचं रेडिओवर मोकळं बोलणं झालं. जेवणाची आणि विश्रांतीची वेळ राखली गेली, किरकोळ कामांची नुसती यादी दिली गेली आणि ती कधी करायची हे अंतराळवीरांवर सोपवलं गेलं. काम सुधारलं आणि ८४ दिवसांचा मुक्काम पार पडला. तो वाद सुटला, कारण दोन्हीकडचे लोक एकमेकांशी तत्काळ बोलू शकत होते. मंगळावरून निघालेला रेडिओ संदेश पृथ्वीवर पोहोचायला अंतराप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. इतक्या दूर पृथ्वीवरून मिनिटामिनिटाचं राज्य चालवता येणार नाही, हे स्कायलॅबने फार लवकर सांगून ठेवलं.

आणि पृथ्वीवरचं राष्ट्रच नाहीसं झालं तर? हेही घडलेलं आहे. १८ मे १९९१ रोजी सर्गेई क्रिकालेव्ह सोव्हिएत नागरिक म्हणून मीर स्थानकाकडे निघाले. ते वर असताना त्यांच्या लेनिनग्राडचं नाव सेंट पीटर्सबर्ग झालं, ज्या बैकोनूरहून ते उडाले तो प्रदेश कझाकस्तान या वेगळ्या देशात गेला आणि डिसेंबरात सोव्हिएत संघच संपला. ठरल्यापेक्षा कितीतरी लांबलेला मुक्काम आटोपून, ३११ दिवसांनी, २५ मार्च १९९२ ला ते उतरले. तोवर स्थानक चालत राहिलं, कारण खाली कोणीतरी अजून रेडिओपाशी बसत होतं आणि रसद पाठवत होतं. उद्या एखादी वस्ती चालवणारी कंपनी बुडाली तर तिथल्या रहिवाशांची जबाबदारी कोणावर, याचं स्पष्ट उत्तर आजच्या करारांत शोधायला गेलं तर बोट सरकारांकडे वळतं. सरकारही नसेल तर काय, याला उत्तर नाही.

आज हा वाद नागरिकांच्या हातून हळूहळू निसटतो आहे, ही या लेखाची खरी काळजी आहे. इलॉन मस्क यांनी २०१६ मध्ये मंगळासाठी थेट लोकशाहीची कल्पना मांडली : कायदे करण्यापेक्षा रद्द करणं सोपं असावं. कल्पना म्हणून तिच्यात तथ्य आहे. पण २०२० मध्ये त्यांच्याच कंपनीच्या स्टारलिंक सेवेच्या करारनाम्यात एक कलम लोकांच्या नजरेस पडलं. मंगळ हा स्वतंत्र ग्रह आहे, पृथ्वीवरच्या कोणत्याही सरकारची तिथल्या व्यवहारांवर सत्ता नाही, आणि तिथले वाद स्वयंशासनाच्या तत्त्वांनी सुटतील, हे ग्राहकाने मान्य करायचं. इंटरनेटच्या जोडणीसाठी सही करणाऱ्या माणसाने एका ग्रहाच्या सार्वभौमत्वावर मत दिल्यासारखं झालं, आणि त्यावर चर्चा काहीच झाली नव्हती. बाह्य अवकाश करारासमोर ते कलम टिकेल असं कायद्याचे बहुतेक जाणकार मानत नाहीत. तरी नियम कुठे लिहिले जाऊ लागले आहेत, ते त्यावरून कळतं.

आस्गार्डियाकडे या नजरेने परत पाहिलं की तिचं बळ आणि तिची उणीव दोन्ही दिसतात. बळ हे, की कुठल्याही देशातल्या माणसाला तिने चर्चेत ओढलं. उणीव ही, की घटनेचा मसुदा वरून आला, राष्ट्रप्रमुखाच्या हाती व्यापक अधिकार राहिले आणि संस्थापकच राष्ट्रप्रमुख झाले. सुरुवातीचा पैसाही मुख्यतः त्यांचाच होता. भारताच्या घटना समितीत मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या जाऊन त्यांच्यावर निर्णय झाला. घटनेला लोक आपली म्हणतात ते अशा घासाघिशीतून. होय किंवा नाही एवढंच विचारणाऱ्या मतदानातून ती आपुलकी येत नाही.

घासाघिशीचे काही प्रयोग होत आहेत. मार्स सोसायटीने २०१९ मध्ये १,००० माणसांच्या मंगळ-वस्तीचे आराखडे मागवले आणि १०० पैकी १० गुण राजकीय व्यवस्थेला ठेवले. गुण थोडे होते, पण यंत्रांचे आराखडे काढणाऱ्या तरुणांना मतदान, न्याय आणि मालकी यांवर लिहावं लागलं. सरकारंही हलत आहेत. कॅनडाने २०२२ मध्ये आपला फौजदारी कायदा चंद्रावर जाणाऱ्या कॅनेडियन अंतराळवीरांपर्यंत लांबवला. आंतरराष्ट्रीय स्थानकावर १९९८ च्या पंधरा देशांच्या करारानुसार गुन्ह्याचा अधिकार माणसाच्या नागरिकत्वावरून ठरतो. पाहुण्या अंतराळवीरांसाठी हे ठीक आहे. तिथेच जन्मणाऱ्या आणि वाढणाऱ्या माणसासाठी ते पुरणार नाही. अंटार्क्टिकावर हक्क सांगता यावा म्हणून अर्जेंटिनाने गर्भवती स्त्रीला तिथल्या तळावर नेलं आणि जानेवारी १९७८ मध्ये तिथे मूल जन्मलं. आस्गार्डियाच्या पहिल्या अवकाश-बालकाच्या स्वप्नाशेजारी ही घटना ठेवून पाहावी. त्या बाळाला परतीचा हक्क असेल का, आणि कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेलं त्याचं शरीर पृथ्वी सोसू शकलं नाही तर तो हक्क कशाच्या कामाचा, हे प्रश्न कायद्याचे आहेत तितकेच वैद्यकाचे आहेत.

भारतीय वाचकाला यात प्रेक्षक राहण्याचं कारण नाही. २१ जून २०२३ रोजी भारताने आर्टेमिस करारनाम्यांवर सही केली. चंद्रावरची साधनसंपत्ती काढणं म्हणजे मालकी सांगणं नव्हे, आणि आपल्या कामाभोवती ‘सुरक्षा क्षेत्र’ आखता येतं, ही त्यातली तत्त्वं आता आपणही मान्य केली आहेत. सुरक्षा क्षेत्राची कड कुठे संपते आणि मालकीची कुठे सुरू होते, यावर संसदेबाहेर फारशी चर्चा झाली नाही, आतही नाही. २०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक उभारण्याचं सरकारचं उद्दिष्ट आहे, आणि खासगी कंपन्यांसाठी २०२० पासून हे क्षेत्र खुलं झालेलं आहे. अवकाशातल्या उद्योगांसाठी सर्वंकष कायदा मात्र अजून नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात, आस्गार्डियाचा उपग्रह उडाला त्याच महिन्यात, अवकाश विभागाने अशा विधेयकाचा मसुदा जाहीर करून नागरिकांकडून सूचना मागवल्या होत्या. त्याचा भर परवाने, नोंदणी, नुकसानभरपाई आणि शिक्षा यांवर होता. पुढचा मसुदा येईल तेव्हा भारतीय स्थानकावर काम करणाऱ्या माणसाचे कामाचे तास, तक्रारीचा मार्ग, खासगी चालकाने हात वर केले तर त्याला सुखरूप खाली आणण्याची सक्ती, आणि हवेच्या यंत्रणेची स्वतंत्र तपासणी या चार गोष्टी त्यात आहेत का, हे शोधता येईल. नसतील तर सूचनेच्या मुदतीत लेखी कळवता येईल.